लाल गोलातला आकडा

१० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोन बैठकीत आणि कान चोहीकडे, म्हणून लिहिते आहे. मला तिसरा महिना लागल्याचं तुला ठाऊक आहेच. परवा रक्ताचा रिपोर्ट आला. रुबेलाचं आयजीएम निगेटिव्ह, पण आयजीजी पॉझिटिव्ह आणि आकडा हद्दीच्या कितीतरी वर. सासरे जन्मभर गिरणीत कापडाचे ताके तपासत होते. हद्दीबाहेर काही दिसलं की लाल पेन्सिलीचा गोल आणि ताका बाद. तसाच गोल माझ्या रिपोर्टवर मारून म्हणाले की बाळ अधू होणार, गर्भ काढून टाका. आमच्या डॉक्टरीणबाई पुढच्या सोमवारपर्यंत परगावी, तर सासऱ्यांनी दुसरीकडे शनिवारची वेळही घेतली! तुझे लाडके मेहुणे मूग गिळून बसलेत. तू रोज लोकांचं रक्त तपासतेस. खरं काय ते कळव. मला हे मूल हवं आहे.

तुझी,
ठमी

१२ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तळपायाची आग मस्तकात गेली. हे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव. आयजीएम ही ताज्या लागणीची खूण. ती तुझ्या रक्तात नाही. आयजीजी म्हणजे जुन्या आजाराची किंवा लसीची रक्तानं ठेवलेली आठवण, तेच तुझं संरक्षण. आकडा मोठा म्हणून आजार मोठा, असं नसतं. लहानपणी तुझ्या अंगभर पुरळ उठलं होतं आणि माझ्या अंथरुणात शिरून तू मलाही दिलंस, विसरलीस? तेव्हाचे पहारेकरी अजून जागेवर आहेत.

शनिवारी उंबरठा ओलांडू नकोस. सोमवारी बाईंकडूनच खात्री करून घे. मेहुण्यांना सांग, मूग फार झाले.

तुझ्या काळजीत,
ताई

१८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. सासरे म्हणाले, बहिणी एकमेकींचीच री ओढणार. शनिवारी मी आतून कडी लावून बसले, तेव्हा कुठे ह्यांना कंठ फुटला आणि ती वेळ रद्द झाली. काल बाईंनी तू लिहिलंस तेच सांगितलं. बाळाचे ठोकेही ऐकवले. मी तिथेच रडले.

सासरे आता शेजारीपाजारी सांगतात की आपणच बारकाईनं बघितलं म्हणून निभावलं. चोर तो चोर, वर शिरजोर! सकाळी त्यांनी रिपोर्ट परत मागितला, गोल खोडायला. मी दिला नाही. उद्या माझं मूल त्यांच्याच मांडीवर खेळेल, खेळू दे. पण तो गोल मला आठवायला हवा.

तुझी माया आहेच, तुझा रागही असाच पाठीशी असू दे.

तुझी,
ठमी