आरोहीच्या ऑर्केस्ट्राबाबत खुलासा

मु. पो. आखाडा बाळापूर,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली

तीर्थस्वरूप दाजी श्री. अमृतराव यांच्या चरणी धाकटा मेव्हणा विश्वंभर याचा साष्टांग दंडवत. इकडं आम्ही सगळे धडधाकट आहोत, तिकडं पुसेगावात आपण व अक्काही तसेच असाल असं धरून पुढं लिहितो. आपल्या गुडघ्याला अक्कानं आणलेल्या तेलानं उतार पडला असणारच. आपल्या चिरंजीव रुद्रचं हळद पॉलिश करायचं मशीन सुरू झालं असं कळलं, फार समाधान वाटलं. आरोहीची आई आपणा उभयतांस नमस्कार सांगते. तिनं लोणच्याच्या बरणीबद्दलही काही सांगितलं होतं, ते लिहिता लिहिता आठवलं तर लिहीन.

परवा अक्कानं पेमा बांगडीवालीच्या हाती निरोप धाडला. निरोप असा की, पोरगी ऑर्केस्ट्रात गेली म्हणतात हे खरं का, आणि खरं असेल तर कोणत्या तऱ्हेच्या. तसल्या तऱ्हेचा असेल तर सोयरिकीचा इचार करावा लागंल, नसेल तर तुळशीचं लग्न झालं की रुद्रचा अन् तिचा बार उडवून टाकू. दाजी, अक्काला हे विचारायचा बराबर हक्क आहे. आरोहीच्या बारशालाच तिनं पाळण्यात वाकून 'ही माझी सून' म्हटलं होतं आणि मी मान हलवली होती. एस. टी.च्या अख्ख्या नोकरीत माझ्याकडून एकदाही लेखी खुलासा मागवला गेला नाही. हा आयुष्यातला पहिलाच, त्यामुळं काहीही न लपवता सविस्तर देतो. गंभीर गोष्ट फोनवर बोलू नये या मताचा मी आहे.

सगळा घोळ शब्दांचा आहे. होळीच्या सुमाराला आरोहीचा पुण्याहून फोन आला. ती तिकडं पाश्चात्त्य संगीत शिकते हे आपणास ठाऊकच आहे (म्हणजे नेमकं काय शिकते हे मलाही ठाऊक नव्हतं, पण शिकते एवढं पक्कं होतं). म्हणाली, बाबा, कंडक्टर म्हणून माझी निवड झाली. सारी उमर हिंगोली-नांदेड मार्गावर वाहक म्हणून काढलेल्या बापाला याहून काय पाहिजे. पोरगी एवढी शिकून शेवटी घरच्या खात्यात आली. मी फक्त पोस्टिंग कुठं मिळालं ते विचारलं. ती म्हणाली, ऑस्ट्रिया. मी म्हटलं, लांब पडेल, पण वर्षभरात विनंती बदलीचा अर्ज करता येतो.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन हिंगोली डेपोत गेलो. हिरासिंगनं (माझ्या गाडीवरचा जुना चालक, अजून एक वर्ष नोकरी आहे) पेढा तोंडात टाकला आणि ऑस्ट्रिया कोणत्या विभागात येतं, परभणी की अकोला, असं विचारलं. परदेशात आहे म्हटल्यावर तो म्हणाला की सुट्ट्या पैशाची तकलीफ तिकडंबी असंल, पोरीला आधीच सांगून ठेवा. मी घरी येऊन माझा तिकिटं टोचायचा जुना चिमटा खोबरेल तेल लावून चकचकीत केला आणि आरोही आली तेव्हा तिच्या हातात ठेवला. तिनं तो पर्समध्ये ठेवला आणि कंडक्टर म्हणजे काय ते मला बसवून समजावून सांगितलं. पेढे वाटून झाले होते, त्यामुळं डेपोत ते अजून कुणाला कळलेलं नाही. कृपया कळवू नये.

तर वस्तुस्थिती अशी. ऑस्ट्रियातल्या एका डोंगराळ गावात दर उन्हाळ्यात उगवत्या संगीतकारांचा आणि उगवत्या कंडक्टरांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. (आपल्याकडं उन्हाळ्यात माणूस लिंबाखाली पडून राहतो, तिकडं स्वेटर घालून वाद्यं वाजवतात, यावरून त्या लोकांची कल्पना यावी.) संगीतकार नवीन संगीत लिहितात, कंडक्टर ते वाजवणाऱ्यांकडून वाजवून घेतात, आणि मोठे जाणते उस्ताद बसून त्यांच्या चुका काढतात. उगवते म्हणजे अजून पुरते वर न आलेले. आरोही सव्वीस वर्षांची झाली. अक्काच्या मते ती कधीच मावळायला लागली, पण तिकडं अजून उगवतीतच धरतात. साऱ्या जगातून मोजक्या लोकांना बोलावलं, त्यात आपली एक. मराठवाड्यातून दुसरं कुणी नाही, हे मी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

एवढं सगळं सुरळीत होतं. घात केला तो पेपरवाल्यानं. तो फोटो घेऊन गेला, चहा पिऊन गेला, आणि बातमीला मथळा दिला, 'बाळापूरची कन्या परदेशी ऑर्केस्ट्रात'. आता आपल्या जिल्ह्यात ऑर्केस्ट्रा म्हणजे पोरींचा नाच, हे मी आपणास सांगायला नको. दसऱ्याच्या प्रदर्शनात आपण दोघांनी तो तंबूच्या बाहेरून ऐकलेला आहे (फक्त बाहेरून, हे अक्कालाही ठाऊक आहे). त्या दिवशी सकाळपासून घरी माणसं यायला लागली, आणि कुणी अभिनंदन करायला आलं नव्हतं. समोरच्या रुख्मिणीबाई पदर डोक्यावरून घेऊन ओसरीवर बसल्या आणि आरोहीच्या आईचा हात हातात धरून, पोरगं असतं तर गोष्ट येगळी व्हती, एवढंच म्हणाल्या. मी शब्दकोश काढून त्यांना 'वाद्यवृंद' असा शब्द दाखवला. त्या म्हणाल्या, नाव बदललं म्हणून काय व्हतंय.

मग मी ठरवलं की लोकांना डोळ्यांनीच दाखवायचं. आरोहीनं तिकडून सरावाचा व्हिडिओ पाठवला होता, तो टीव्हीला जोडला, ओसरीवर सतरंजी टाकली आणि पोहे केले. रुख्मिणीबाई आल्या, गल्लीतले आले, आणि नासेरभाई आले. नासेरभाई म्हणजे बाळापूरच्या बँडपार्टीचे मालक. आरोही लहान असताना त्यांच्या प्रत्येक वरातीच्या पुढं हातात काडी घेऊन चालायची, तिला दोनदा कळमनुरीपर्यंत जाऊन परत आणावं लागलं होतं. व्हिडिओ लागला. ऐंशीएक माणसं काळ्या कपड्यात वाद्यं घेऊन बसलेली, बहुतेक बाप्ये. त्यांच्यासमोर चौथऱ्यावर आपली आरोही, केस मोकळे, हातात पांढरी बारीक काडी, आणि पाठ सगळी आपल्याकडं. रुख्मिणीबाईंनी विचारलं, पाव्हण्यांकडं पाठ काहून केली? मी म्हटलं, तिचं काम समोरच्यांशी आहे. त्यांनी विचारलं, गाते का? न्हाई. वाजवते का? न्हाई. नाचत तर न्हाई ना? न्हाई. "मग ही करून काय राहिली?" या प्रश्नावर मी त्यांना आणखी पोहे वाढले, हे खुलाशात प्रामाणिकपणे नमूद करतो.

तेवढ्यात तिनं काडी वर धरली आणि धरूनच ठेवली. सगळा आवाज थांबला. तिकडं ऐंशी माणसं गप्प, इकडं आमची ओसरी गप्प, रुख्मिणीबाईंच्या हातातला पोह्यांचा घास हातातच राहिला. मागं एक पांढऱ्या केसांचा दांडगा माणूस मोठ्या ढोलापाशी उभा होता. तो लेकरानं आईकडं बघावं तसा आरोहीकडं बघत होता. तिनं नुसती मान हलवली आणि मग त्यानं ढोल वाजवला. नासेरभाई हळूच म्हणाले, "इशारा नै मिला तो हिलतेच नै उनो लोगां." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, पण मी यजमान असल्यानं आत जाऊन चहाचं बघितलं.

याचा निष्कर्ष गावानं असा काढला की, विश्वंभररावाची पोरगी ऐंशी बाप्यांना काडीवर नाचवते. दाजी, खुलासा खरा द्यायचा तर मला हे नाकारता येत नाही. पुढं व्हिडिओत तिनं एका वडीलधाऱ्या माणसाला तोच तुकडा चार वेळा वाजवायला लावला, आणि चौथ्यांदा त्यानंच तिचे आभार मानले. तिला आता मधेच हात वर करून सगळ्यांना थांबवायची आणि 'पुन्हा' म्हणायची सवय लागलेली आहे. ती घरात सुटेल असं मी म्हणत नाही. सुनेच्या अंगी ही गोष्ट असावी की नसावी ते अक्कानं आपल्या घरचा रिवाज बघून ठरवावं.

आणखी एक बाब, काही लपवायचं नाही म्हणून लिहितो. या महोत्सवात एका कंडक्टरची एका संगीतकाराशी जोडी लावून देतात (जोडी हा शब्द त्यांचाच). आरोहीच्या वाट्याला फिनलंडचा एक तरुण आला आहे. तो लिहितो आणि ही वाजवून घेते. त्यासाठी दोघं दिवसदिवसभर एका खोलीत बसून कागदावरचे ठिपके तपासतात. मुलगा उंच आहे, स्वभावानं गरीब आहे, आणि आरोहीच्या हातची मुगाची खिचडी मागून मागून खातो. यात काळजी करण्यासारखं काहीच नाही, म्हणून तर मी एवढ्या मोकळेपणानं कळवतो आहे. तिला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावण्याची शक्यता आहे. त्याच्या पुढच्या वर्षीचं अजून नक्की नाही.

तरी वरील सर्व बाबी ध्यानात घेऊन अक्कानं मन साफ करावं. ऑर्केस्ट्रा तसला नाही, असा आहे. आमच्याकडून दिलेला शब्द कायम आहे, लग्नाची तारीख आपल्या सोयीनं धरावी. वडिलकीच्या नात्यानं आपण जो निर्णय द्याल त्यापुढं मी एक अक्षर बोलणार नाही.

आपला आज्ञाधारक,
विश्वंभर

ता. क. बरणीचं आठवलं. अक्काकडं राहिलेली चिनी मातीची बरणी आरोहीच्या आईला नकोय, अक्कानं संकोच न करता ठेवून घ्यावी.

ता. क. दुसरा. हा चिटोरा येगळा हाय, दाजी. वरचं पत्र अक्काला मोठ्यानं वाचून दाखवा, घाई करू नका, ढोलवाल्याचं अन् जोडीचं जरा सावकाश वाचा. हे मातर एकट्यानं वाचा अन् चुलीत घाला. फोनच केला असता, पण तुमचा फोन अक्का उचलते अन् स्पीकरवर ठेवून ज्वारी निवडत बसते.

त्या फिनलंडच्या पोराचं लगन झालेलं हाय. बायकू तिथंच व्हायोलिन वाजवते, त्या खोलीत तीबी असते अन् खिचडी तीच जास्त खाते. ते वर लिहायचं राहिलं असं समजू नका, म्या लिहिलंच न्हाई.

जायच्या आदल्या दिवशी पोरगी माझ्यापाशी येऊन बसली. म्हणली, बाबा, रुद्रदादानं मला खांद्यावर बसवून पोळा दाखवला, त्याला मी जनमभर दादा म्हणत आले. तुमी शब्द दिला हाय, म्हणून मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्याच्याशी लगीन करू कसं, तेवढं तुमी मला सांगा. दाजी, मला सांगता आलं न्हाई. ती रडली न्हाई, मीच रडलो. अन् रुद्रला तुमी एकदा बाजूला घेऊन इचारा. ते गुणाचं लेकरू हाय, अक्कापुढं तोंड उघडत न्हाई, पण त्याच्याबी मनात ह्येच असंल असं मला वाटून राहिलंय.

शब्द म्या मोडला तर अक्का माझ्या दारात पाय ठेवणार न्हाई, अन् मला तेवढी एकच भईण हाय. तुमी मोडला तर लोकं म्हणतील अमृतराव लई कडक माणूस. ते तर आताबी म्हणतेतच. म्हणून हात जोडून सांगतो, या ऑर्केस्ट्रावर नाराज व्हा. बराबर नाराज व्हा. असली काडीवाली सून आपल्या घरात नको, असं अक्कासमोर एकदा ठासून म्हणा अन् त्या वेळेला जेवू नका. दुसऱ्या वेळेला जेवा, उगं तब्येत बिघडवू नका.

आरोही श्रावणात वापस येईल. तिला तुमच्या पाया पडायला पुसेगावला धाडतो. तवा तिच्याशी एक शब्द बोलू नका, अक्का बघत असंल. पण ती वाकली की तिच्या डोक्यावर हात ठेवा, दाजी. तेवढं करा, अन् मग खुशाल रागवा.