धानाच्या काट्यावर दोघी

मंगळवार, संध्याकाळ. साकोली.

राइस मिलच्या काट्यावर आज पल्लवी एकटीच उभी दिसली. चपला काढून. माझ्या कबड्डी संघातली सगळ्यात चपळ पोरगी, वजनाच्या धास्तीनं जेवण टाळून राहिली आहे.

आम्ही खेळायचो तेव्हा धान तोलायच्या याच काट्यावर अख्खा संघ चढायचा. गिरणीवाले काका ओरडायचे, आम्ही हसत भात खायला पळायचो.

आता हिला काय बोलावं? ‘जेव’ म्हटल्यानं ती जेवली असती तर...

मी चपलांसकट तिच्या शेजारी चढले. आकडा दोघींचा मिळून आला. ती हसली, मग रडली.

“मॅडम, घास घेतला की मले भेव वाटते. डॉक्टरकडे तुमी याल ना सोबत?”

“येईन ना.”

तिच्या घरापाशी पोचल्यावर लक्षात आलं, पल्लवीच्या चपला काट्याजवळच राहिल्या.