उजवीकडचं दार

अंबरनाथ पश्चिम
१९ फेब्रुवारी २००८

प्रिय कैलास,

सप्रेम जय भीम.

तीन महिने उशिरा लिहितोय, माफ कर. इकडे ठीक. माझ्या हाताचं प्लास्टर निघालं. वहिनींचा दमा कसा आहे?

आधी माझ्या नातीचा, मनालीचा, प्रताप ऐक. ती मुंबईच्या कॉलेजात माणसाच्या मनाचा अभ्यास करते. "आजोबा, अर्ध्या तासाचं काम आहे," म्हणून मला घेऊन गेली. तिथे डोक्यावर वायरी लावलेलं हेल्मेट चढवलं. आत एक खोटी गल्ली दिसायची. टोकाला पोचलं की वाटेल त्या दारातून आत जायचं. असं चाळीस वेळा!

संपल्यावर सांगतात काय, तर दरवेळी आम्ही पापणी लवायच्या आत एक बाण दाखवत होतो, कधी डावा, कधी उजवा. दिसला तरी कळू नये असा. त्यानं माणूस फिरतो का ते बघायचं होतं म्हणे. मी उसळलोच. "सहीच्या कागदावर हे का नाही लिहिलं? माणसाला न विचारता त्याच्या डोळ्यांत काहीही घालता? जनावर आहे का मी?"

मनाली म्हणाली, "आजोबा, चिडू नका. तुमच्यावर बाणाचा काही परिणामच नाही. चाळीसही वेळा डावं दार! उजवं एकदाही का नाही घेतलं?"

"उजवं कुठलं? दार एकच होतं."

एका दारात निवडायचं काय, हे मलाही कळत नव्हतं. पण अडाणी म्हणतील म्हणून विचारलं नाही. मनालीनं माझा डावा डोळा झाकला. समोर नुसतं धुकं. हेल्मेटात उजवं दार फक्त उजव्या डोळ्यापुढच्या काचेत दिसायचं म्हणे.

डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा वर्षापूर्वीच गेला असेल. मला शंका होती. घरात बसवतील म्हणून बोललो नाही.

त्या दिवशी भाजीबाजाराजवळ तुझी स्कूटर उजवीकडूनच आली होती. तू हॉर्न वाजवलास, मी ऐकला. रस्ता मोकळा दिसला म्हणून उतरलो. आणि पोलिसांना सांगितलं, कैलास प्यायलेला होता. वीस वर्षांत तू थेंबाला शिवला नाहीस, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? चारचौघांत पडलो, राग आला, आणि समजून उमजून बोललो. त्यात डोळ्याचा दोष नाही.

तीन मार्चला, सोमवारी सकाळी अकराला, चौकीत जाऊन खरं लिहून देणार आहे. तू नाही आलास तरी देणार. पण येणार की नाही, तेवढं दोन ओळींत लवकर कळव. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझा म्हणवून घ्यायला लाजणारा,
सोमा