दाराबाहेरची बादली

आई,

तुम्ही भाजी घेऊन याल तोवर मी रिक्षात असेन. समोर बसून सांगायचा धीर झाला नाही. आज कोर्टात घटस्फोटाची शेवटची सही आहे. सुदेश येत नाहीये, झांझिबारहून व्हिडिओवरच दिसेल. त्या किनाऱ्यावरच्या गावात आम्ही तिघं राहायला गेलो आणि दोघीच परत आलो. तरी स्वतःच्या मुलाला न विचारता तुम्ही आम्हाला घरात घेतलंत. एवढं माझ्या माहेरीही कुणी केलं नाही.

कुकरमध्ये वरणभात आहे. बांगडे तळून ठेवलेत, जुईला काटे काढून द्या.

दाराबाहेरची बादली मात्र हलवू नका. शेजारच्या कर्णिककाकू डासांवरून बोलल्याच, तर पाणी रोज बदलतो म्हणून सांगा. तिकडे प्रत्येक दारात अशी बादली नि करवंटी असायची. वाळूचे पाय धुतल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. बाबाच्या पायांवर पाणी घालायचं काम जुईचं. आता नौपाड्यात कुठली आलीय वाळू? पण बाबा येईल म्हणून ती रोज बादली भरून ठेवते. मला तिला सांगवत नाही.

घराची किल्ली फ्रिजवर ठेवलीय. सही झाली की मी तुमची सून राहणार नाही, म्हणून आज बेल वाजवीन. ठेवून घेणार असाल तर दार उघडायला जुईला पाठवा. आणि तिला म्हणावं, ते पाणी आज आईच्या पायांवर घाल.

रसिका