देवाकडं काय मागू?

शहागड,
१२ फेब्रुवारी

प्रिय प्रियदर्शनी,

सप्रेम सलाम. फोन केला असता, पण फोनवर तू 'बघते' म्हणतेस आणि पुढे मला बोलताच येत नाही. म्हणून कागद घेऊन बसले. तुझी आई नाताळापासून अंथरुणाला खिळली आहे, हे तुला ठाऊक आहे. तू सहा वर्षांत घरी आली नाहीस, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दोष द्यायला लिहीत नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेवढं सांभाळून घे.

माझी एक फजिती तुला कधी सांगितली नाही. बायबल शाळा संपवून मी नुकतीच परतले होते आणि दुर्गामावशीबरोबर, म्हणजे तुझ्या आईबरोबर, आजाऱ्यांच्या घरी जायला लागले होते. कचरूदादा आठवतात ना, आयुष्यभर ट्रक चालवलेले, उपासनेला शेवटच्या बाकावर बसणारे? डॉक्टरांनी हात टेकले होते. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटले आणि वीस मिनिटं प्रार्थना केली. येत होतं तेवढं सगळं शास्त्र म्हणून दाखवलं. आमेन म्हटलं तेव्हा घसा बसला होता आणि मनातून मी स्वतःवर बेहद्द खूश होते. मावशी खाटेशेजारी जमिनीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "दादा, देवाकडं तुमच्यासाठी काय मागू?" कचरूदादा म्हणाले, "बाई, खाट फिरवा. तोंड भितीकडं आलंय, रस्ता दिसून न्हाई राह्यला."

आम्ही दोघींनी खाट फिरवली. दारातून हायवे दिसायला लागला, गोदावरीच्या पुलाकडे जाणारे ट्रक दिसायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते माझ्या वीस मिनिटांनी आलं नव्हतं. मग मावशीने प्रार्थना केली, दोनच वाक्यांची. परतताना मी रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, "देवाला बराबर ठाव हाय कुणाला काय पायजे. आपल्याला ठाव न्हाई, म्हून इचारायचं."

तेव्हापासून अकरा वर्षं मी तिच्यामागे फिरले. फरजानाभाभी बाळंतपणानंतर उठू शकत नव्हत्या, तिथेही हाच प्रश्न. त्या म्हणाल्या, थोरलीचे केस तेवढे कुणी विंचरून द्या. महिनाभर मावशी रोज सकाळी जाऊन त्या पोरीच्या वेण्या घालत होती. मी मोठमोठी प्रवचनं ऐकली आहेत, पण माणसाच्या तोंडून त्याची गरज निघेपर्यंत गप्प बसणारं दुसरं कुणी पाहिलं नाही. तिच्याशेजारी उभं राहायला मला अजून संकोच वाटतो.

आणि तुमच्या दाराला कुलूप असायचं, तेही मी पाहिलं आहे. दहावीच्या निकालाला तू पेढे घेऊन संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसली होतीस आणि मावशी अंतरवालीला कुणाच्या तरी उशाशी होती. शेवटी तो पुडा तू आमच्याकडे आणलास आणि आपण दोघींनीच संपवला. तेव्हा मला गंमत वाटली होती. आता वाटत नाही.

काल मी तिच्या उशाशी बसले. तिला धाप लागते, बोलणं तुटक झालंय. तिनेच शिकवलेलं तिलाच विचारलं, मावशी, देवाकडं काय मागू? मला वाटलं, प्रियाला बोलव म्हणेल. ती म्हणाली, "साऱ्या गावाला इचारत फिरले. माझ्या पोरीला एकदाबी इचारलं न्हाई, तुला काय पायजे म्हून. चुकले मी, मारिया." जी आली की चर्चचे पाळकसाहेबही उठून उभे राहतात, ती बहात्तर वर्षांची बाई माझ्यासमोर चूक कबूल करत होती. तिला ये म्हणून लिहू का, असं विचारलं, तर तिने मानेनेच नको म्हटलं. "ये म्हनू नको. तिला फक्त इचार."

म्हणून हे पत्र. ये, असं मी लिहिणार नाही, मला तशी परवानगी नाही. तुझ्या आईने विचारलंय, प्रिया, तुला काय पाहिजे? तुझं उत्तर आल्याशिवाय ती काही मागायला तयार नाही. कालपासून हात जोडून पडली आहे आणि मला आमेन म्हणू देत नाही.

तुझीच,
पेढ्यांची वाटेकरी
मारिया