बोलकं प्रगतीपुस्तक

१० नोव्हेंबर
आज पालकसभा. नववी ब चा वर्गशिक्षक या नात्याने नवा शर्ट घातला होता. पालक आले तीन. बाकीचे दिवाळी उरकून ऊसतोडीला गेलेले, कोणी सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. मुलं इथे चुलत्या-मावश्यांकडे. मुख्याध्यापिका धनश्री मॅडम म्हणाल्या, काही करा, पण सहामाहीचा निकाल आईवडिलांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. सुनील सरांनी अ वर्गाची प्रगतीपुस्तकं मुलांच्या हातात दिली, चुलत्याची सही चालेल म्हणाले आणि चहाला गेले. अशा माणसांची मला कीव येते.

११ नोव्हेंबर, सकाळी
आंघोळ करताना सुचलं. व्हॉट्सॲप! प्रत्येक पालकाला माझ्या आवाजात निकाल. नाव ‘बोलकं प्रगतीपुस्तक’. नवोपक्रम स्पर्धेला पाठवणार. बायकोला, ज्योतीला, सांगितलं, तर म्हणाली आधी दूध आणा. घरात कदर नसतेच.

१२ नोव्हेंबर
संकल्प: प्रत्येक मुलाविषयी स्वतंत्र बोलायचं. शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या तयार शेऱ्यांच्या पीडीएफला हात लावायचा नाही. छापील प्रगतीपुस्तकं कपाटात कुलूपबंद. आधी पालकांनी ऐकायचं, मग मुलांनी बघायचं. उत्तरपत्रिकाही तोवर दाखवायच्या नाहीत. निकालात थोडा सस्पेन्स हवा.

घरी मिक्सर, शाळेत घंटा. म्हणून सावेडीच्या घरून शाळेत जाताना सुनील सरांच्या गाडीतच रेकॉर्डिंग केलं. पाथर्डी येईपर्यंत माझी प्रस्तावना चालली होती. शिक्षणाचं महत्त्व, आईवडिलांचे कष्ट, उद्याचा भारत. एकाही मुलाचा नंबर लागला नाही. दर्जाला वेळ लागतो. सुनील सरांनी मध्ये दोनदा हॉर्न वाजवला. मुद्दामच.

१४ नोव्हेंबर
संकल्पात किरकोळ बदल. प्रस्तावना सर्वांना एकच, सुरुवातीला फक्त मुलाचं नाव बदलायचं. ज्योतीने ऐकली. म्हणाली, नमनालाच घडाभर तेल, पुढे नाटक कुठेय? तिला सांगितलं की मार्क हे भाग दोनमध्ये. आधी मशागत, मग पेरणी.

१५ नोव्हेंबर
भाग एक सर्वांना गेला. बऱ्याच जणांच्या फोनला रेंज नसावी. एकाने हात जोडले. एकाने विचारलं, कोण? एकाने झेंडूच्या फुलांसह शुभ सकाळ पाठवलं. एकंदरीत भारावलेले दिसतात.

राजेश्वरीच्या आईचा, लंकाबाईंचा, उलट व्हॉइस मेसेज आला. “सर, पोरीचं सांगा.” एवढाच. किती ही ओढ! पुढच्या भागाची मागणी यायलासुद्धा लागली.

१८ नोव्हेंबर
भाग दोन पाठवला. मार्क घेणार होतो, पण गुणपत्रक टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आणि किल्ली घरी. म्हणून ‘व्यक्तिमत्त्व विकास’ घेतला. मार्क भाग तीनमध्ये.

लंकाबाईंचा मेसेज: “समद्यांनी ऐकलं सर. टॅक्टरच्या टेपला लावलं हुतं. पन पोरीचं सांगा.”

म्हणजे अख्खा तळ माझं ऐकतोय! फॉर्ममध्ये लगेच लिहून टाकलं, ‘ऊसतोड कामगारांच्या तळावर सामूहिक श्रवण’. फलनिष्पत्तीच्या रकान्यात ‘उत्स्फूर्त व अभूतपूर्व’. पेनानेच लिहिलं.

२१ नोव्हेंबर
राजेश्वरी टेबलापाशी येऊन उभी राहिली. मुलगी कमी बोलते. म्हणाली, तिचे वडील बिभीषण म्हणतायत, अभ्यास जमत नसेल तर तळावर ये, धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही. तर सर, मला किती पडले, आणि आईला सांगितलं का?

मी म्हणालो, काळजी करू नकोस, आईला दोन भाग सांगून झालेत. ती तशीच उभी होती. मग घंटा झाली.

यावरून भाग तीनचा विषय मिळाला: ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’. मार्क भाग चारमध्ये नक्की.

२६ नोव्हेंबर
भाग चारही गेला. घसा बसलाय. मार्क घ्यायचे होते, पण आज संविधान दिन, त्यावर बोलणं भाग होतं. लंकाबाई गप्प आहेत. समाधान झालं असावं.

धनश्री मॅडमनी विचारलं, निकाल पोहोचले का? मी म्हणालो, पोहोचतायत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुक लगेच बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही.

१ डिसेंबर
राजेश्वरीचा बाक रिकामा. शेजारच्या मुलीने सांगितलं, काल चुलत्याने तिला मुकादमाच्या जीपमध्ये बसवून तळावर पाठवून दिलं. आता तिकडेच राहणार. मला रागच आला. चार भाग ऐकूनही शिक्षणाचं महत्त्व पटू नये? लंकाबाईंना फोन लावला. पहिल्यांदाच लावला, हे लावताना लक्षात आलं.

मी सुनावायच्या आत त्याच बोलल्या. “सर, तुमी लई गोड बोल्ले. पन पोरगी पास का नापास, ते काय सांगितलंच न्हाई. आमचं मालक म्हनले, सर येवढं फिरवून फिरवून सांगत्यात, म्हंजी नापासच आसंल.”

मी म्हणालो, पास आहे. गणितात वर्गात पहिली आहे.

मग त्यांनी कोणाला तरी लांब हाक मारून सांगितलं, पोरगी पास हाय, पयली हाय. मग मला म्हणाल्या, “जीप गुरवारी माघारी येनार हाय, तिच्यात लावून देते. पन सर, आता भाग पाठवू नका.”

मी बरं म्हणालो. फार वाईट वाटलं. पोरगी माझ्या टेबलापाशी उभी राहिली होती, तेव्हा गुणपत्रक माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं.

मधल्या सुट्टीत बाकीच्या पालकांना फोन लावले. पास आहे. पास आहे. इंग्रजीत कच्चा, पण पास आहे. सुट्टी संपायच्या आत जवळजवळ सगळे झाले. प्रगतीपुस्तकं वाटून टाकली, चुलत्याची सही चालेल म्हणून सांगितलं. सुनील सर चहाला चला म्हणाले. गेलो.

नवोपक्रमाचा फॉर्म टेबलावर आहे. ‘उत्स्फूर्त व अभूतपूर्व’ वर व्हाइटनर लावला. वाळला, पण त्यावर काय लिहावं ते सुचत नाही.