बाटलीवर नाव कुणाचं

प्रिय लोरीन,

काल फोनवर तू म्हणालीस, त्या इंजेक्शनचा डेरिलला त्रास होईल का, तुझा नवरा औषधवाला, एवढं ऑर्विलला विचारून सांग. मी चर्चच्या जेवणाला गोड कोण करणार असलं काहीतरी बोलून विषय बदलला. तुझ्या लक्षात आलंच असणार.

पेट्रोल पंपावरच्या त्या माणसाला डेरिलनेच, तुझ्या लेकानेच मारलं, हे तू कधी नाकारलं नाहीस. गव्हर्नरने देहदंडाविरुद्धचा दयेचा अर्ज फेटाळला तेव्हाही तू कुणाला बोल लावला नाहीस. पण तुरुंगातले लोक म्हणाले, 'काळजी करू नका बाई, त्याला नुसती झोप लागेल,' आणि तेव्हापासून तू त्या झोपेला धरून बसली आहेस. मला ते बघवत नाही.

गेल्या आठवड्यात सरकारकडची दोन माणसं आमच्या औषधं बनवून द्यायच्या दुकानात आली. कोटातली, गोड बोलणारी. 'थोडा माल बनवून हवाय. पुढच्या महिन्यात एक प्रक्रिया आहे.' मरण हा शब्द दोघांपैकी एकानेही काढला नाही. ऑर्विल तुला ठाऊकच आहे, साधं खोकल्याचं औषधसुद्धा नाव चिकटवल्याशिवाय देत नाही. त्याने विचारलं, पेशंटचं नाव काय? 'ते कोरंच ठेवा.' मग हे कुणासाठी? 'सरकारसाठी.' ऑर्विल म्हणाला, 'का, सरकारला काय दुखतंय?' एरवी मी हसले असते. मग त्यांनी तारीख सांगितली, डेरिलचीच, आणि आम्हा दोघांना कळलं. ऑर्विलने त्यांना सरळ दार दाखवलं.

मला त्याचा फार अभिमान वाटला. पण जाताजाता त्यातला एक म्हणाला, 'बघा विचार करून. नाहीतर मुदत उलटून गेलेला साठा आहे आमच्याकडे, तो चालवून घेऊ.' चालवून घेऊ, लोरीन. तेव्हापासून ऑर्विलचं एकच चाललंय. म्हणतो, ते जुनं औषध काय करेल हे मला छातीठोक सांगता येत नाही. मी ताजं बनवलं तर पोराला बहुतेक काही कळणार नाही. पण मग त्याला मारणारा हात माझा.

ती माणसं सोमवारी परत येणार आहेत. आईला असलं विचारायचं नसतं, हे मी ऑर्विलला सांगून थकले. पण तो म्हणतो, लोरीन सांगेल ते मी करीन. फोनवर माझी जीभ रेटली नाही, म्हणून लिहितेय. तू काहीही म्हणालीस तरी त्या दिवशी तुरुंगात, नातेवाईक जिथून बघतात त्या काचेसमोर मी तुझ्या शेजारी बसलेली असेन. सांग, त्याने ते बनवावं का?

तुझीच,
वर्ना